देवांची व्हाउचरं : तिरुची ते तंजावर, पाच दिवस

बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला देवळं बघायला नेलं तर ती तिथेही रजिस्टर उघडून बसणार, असं माझा भाचा म्हणतो. पण या खेपेचं रजिस्टर त्याच्याच हट्टापायी घेतलं होतं. तो आर्किटेक्ट. शेकडो फोटो एकमेकांत गुंफून इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं वेड त्याला लागलंय. मी रिटायर झाल्यावर भारतविद्येचा वर्षभराचा कोर्स केलेली, म्हणजे अर्धवट. आणि तिसरे आमचे सर. मी बदलीवर दोन वर्षं तिरुचीला होते तेव्हाचे शेजारी, शाळेत तमिळ शिकवायचे, आता देवळांच्या भिंती वाचत फिरतात.

बेत त्यांचाच. मदुरै, रामेश्वर, श्रीरंगम काही नाही. जिथे टुरिस्ट बस थांबत नाही तिथे जायचं, आणि नुसतं हात जोडून परतायचं नाही, नोंद करून परतायचं. तमिळनाडूच्या धर्मादाय खात्याकडे छत्तीस हजारांवर देवळं आहेत. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीचं भाग्य त्यातल्या मोजक्यांनाच. बाकीच्या कित्येकांची नोंद म्हणजे गुरुक्कलांची, तिथल्या पुजाऱ्यांची, आठवण आणि गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण.

पोंगल होऊन आठवडा झाला होता. दारादारांतल्या रांगोळ्या अजून ताज्या होत्या आणि रस्त्याकडेला ऊस उभा होता.

पहिला दिवस : नार्त्तामलै

तिरुचीहून पुदुक्कोट्टैच्या रस्त्याला लागलं की तासाभरात डावी-उजवीकडे उघडे कातळ दिसायला लागतात. गाडी गावात ठेवून चालायला लागलो. पायवाट अशी नाहीच, उतरता खडक आहे, त्यावरून चढायचं. सकाळी सातला ठीक वाटतं. परतताना अकरा वाजता तोच खडक तव्यासारखा तापला होता आणि चपला देवळाशी काढल्यावर काय झालं ते विचारू नका.

वर पोचल्यावर मात्र बोलणं थांबतं. विजयालय चोळीश्वरम. नववं शतक. पश्चिमेकडे तोंड केलेलं, फार मोठं नाही, पण उघड्या कातळावर असं बसलंय की ते बांधलंय हे खरं वाटत नाही, तिथेच वाढलंय असं वाटतं. बाहेरून चौकोनी आणि आत गाभारा गोल. भाचा ते बघून लहान मुलासारखा दोनदा आत-बाहेर करून आला. भोवती टपरीएवढी छोटी उपदेवळं, मधल्या देवाकडे तोंड करून. आज सहा उभी आहेत.

नाव चोळ राजाचं असलं तरी बांधणारा चोळ नव्हे. सरांनी शिलालेख दाखवला. मुत्तरैयर घराण्यातल्या सात्तन भूतीने हे बांधलं, पावसाने ते ढासळलं, मग मल्लन विडुमन नावाच्या माणसाने पुन्हा उभं केलं. एवढीच हकीकत. मला ती फार आवडली. देऊळ कोणी बांधलं हे सगळेच कोरतात. पावसाने पडलं होतं आणि मी दुरुस्त केलं, हे कोरणारा माणूस माझ्या जातीचा, म्हणजे दुरुस्तीच्या बिलाची नोंद ठेवणारा.

तिथल्याच कड्यात दोन लेणी आहेत. एक अगदी लहान, शंकराचं. दुसरं मोठं, विष्णूचं. त्याचं लोकांच्या तोंडचं नाव ‘समणर कुडगु’, म्हणजे जैन श्रमणांची गुहा. आधी ते जैनांचं होतं याची खूण तेवढी नावात राहिली आहे. आत भिंतीवर पुरुषभर उंचीचे बारा विष्णू. सगळे उभे, सगळे समोर बघणारे, चेहऱ्यावर तीच शांतता. भाच्याने धडाधड फोटो काढले. मी बाहेरच्या जोत्यावरचे हत्ती आणि याळी, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, बघत बसले.

रात्री तिरुचीच्या लॉजवर लॅपटॉप उघडला. चारशे बारा फोटो. पहिला अर्धा तास कौतुक. मग मी विचारलं, ‘हा कितवा विष्णू?’

‘डावीकडून तिसरा असेल.’

‘असेल?’

‘चौथा पण असू शकतो, मावशी.’

बारा सारखे विष्णू आणि साठ सुंदर फोटो. कुठला कुणाचा, देव जाणे. प्रकाश अप्रतिम, रेघ न् रेघ दिसते, आणि नोंद म्हणून किंमत शून्य. बँकेत असं व्हाउचर माझ्यापुढे आलं असतं तर मी ते आणणाऱ्याच्या अंगावर फेकलं असतं. त्याचं तोंड उतरलं. माझंही, कारण रजिस्टर माझ्या हातात होतं आणि त्यात मी लिहिलं होतं : ‘लेणे. विष्णुमूर्ती १२. सुरेख.’

दुसरा दिवस : पुन्हा नार्त्तामलै, मग कुडुमियान्मलै आणि कोडुंबाळूर

उजाडता उजाडता परत तोच खडक. या वेळी पाटीच्या दुकानातून घेतलेली छोटी पाटी, खडू आणि माझ्या पिशवीतली सहा इंची पट्टी. रात्री नियम ठरले होते. देवळाला प्रदक्षिणेच्या क्रमाने फिरायचं, प्रत्येक देवकोष्ठाला, भिंतीतल्या मूर्तीच्या कोनाड्याला, आकडा. लेण्यात भिंतीकडे तोंड करून डावीकडून उजवीकडे. प्रत्येक मूर्तीचा पहिला फोटो कुरूप काढायचा : पाटीवर आकडा, बाजूला पट्टी, समोरून, सरळ. तो झाला की मग काय कला करायची ती करा. रजिस्टरला रकाने पडले : तारीख, वेळ, दिशा, उंची, फुटलेलं काय, लेख आहे का.

‘फुटलेलं काय’ हा रकाना सरांनी सांगितला. ‘मॅडम, चांगला भाग सगळ्या मूर्तींचा सारखा असतो. तुटलेला भाग तिचा एकटीचा.’

तासाभरात बारा विष्णू आपापल्या आकड्यांसह वहीत बसले. सातव्याचा नाकाचा शेंडा झिजलाय. काल तो मला दिसलाच नव्हता.

कुडुमियान्मलैला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. ‘कुडुमि’ म्हणजे शेंडी. पुजाऱ्याने देवाला वाहायची फुलं आपल्या मैत्रिणीला दिली, मग तीच राजाला प्रसाद म्हणून दिली, त्यात केस निघाला. राजा भडकला. पुजारी म्हणाला, आमच्या देवाला केस आहेत. आणि भक्ताची लाज राखायला शंकराने खरंच पिंडीवर शेंडी उगवून दाखवली. आपल्याकडे असला पुजारी देवाने सरळ केला असता. इथल्या देवाने त्याला सांभाळून घेतलं आणि वर नावही तेच लावून घेतलं.

आम्ही आलो होतो ते देवळामागच्या कातळासाठी. खोदीव लेण्याशेजारच्या सरळ खडकावर संगीत कोरलेलं आहे. वर्णन नाही, संगीतच. सातव्या-आठव्या शतकातल्या ‘ग्रंथ’ लिपीत, तमिळ मुलखात संस्कृत लिहायच्या लिपीत, स्वरांचे चार-चारचे गट, ओळींमागून ओळी, सात भागांत. एकेक भाग एकेका ग्रामरागाचा, म्हणजे जुन्या काळच्या रागाचा : मध्यमग्राम, षड्जग्राम, षाडव, साधारित, पंचम, कैशिकमध्यम, कैशिक. रुद्राचार्यांचा शिष्य असलेल्या एका शिवभक्त राजाने हे करवलं असं शेवटी लिहिलंय, आणि कशासाठी तेही : शिष्यांच्या हितासाठी. खाली तमिळमध्ये एक ओळ, की आठाला आणि सातालाही हे लागू. आठ तारा आणि सात तारा, असा अर्थ लावतात.

हा लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाराव्या खंडात छापला पी. आर. भांडारकरांनी, इंदूरला बसून. त्यांच्यासमोर हा कातळ नव्हता, कागदावरचा ठसा होता. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. अक्षरं पांढरी उरतात, दगड काळा होतो. मग वाळवून, गुंडाळी करून पाठवून द्यायचा. पुदुक्कोट्टै संस्थानातला खडक असा गुंडाळून इंदूरला पोचू शकतो.

जाळीच्या दाराची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ जेवायला गेले होते. आम्ही जाळीतूनच फोटो काढत बसलो. एक फळी आडवी येत होती म्हणून भाचा वैतागला. ते आले, हसले, कुलूप उघडलं. आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जी अक्षरं उठून दिसली असती ती साडेअकराच्या उन्हात पार सपाट झाली होती. टॉर्च अगदी दगडाला चिकटवून बाजूने मारला तेव्हा कुठे खाचांत सावली पडली. एका माणसाने टॉर्च धरायचा, एकाने कॅमेरा, एकाने आकडा. दीड तास. माझा खांदा अजून दुखतोय.

कोडुंबाळूरचं मूवर कोविल, म्हणजे तिघांचं देऊळ, संध्याकाळी उरकलं. इथल्या सरदाराने, भूति विक्रमकेसरीने, तीन देवळं बांधली, एक स्वतःच्या नावाचं, दोन राण्यांच्या, कर्रळी आणि वरगुणा. दोन उभी आहेत. तिसऱ्याचं फक्त जोतं. हिरवळ राखलेली, कुंपण नीट, काम खात्याने चांगलं ठेवलंय. आमची गरज तिथे कमी होती.

तिसरा दिवस : पुळ्ळमंगै आणि एका राणीची समाधी

तंजावरला मुक्काम हलवला. कुंभकोणमच्या रस्त्यावर पसुपतिकोविलजवळ पुळ्ळमंगै नावाचं गाव आहे. चोळ राजा पहिल्या परांतकाच्या काळातलं, म्हणजे दहाव्या शतकातलं शंकराचं देऊळ. बाहेरून एखाद्या खेडेगावातलं देऊळ असतं तसंच. आत गेल्यावर मान वर करायची सवय मोडावी लागते. इथलं खरं वैभव गुडघ्याच्या खाली आहे.

पायथ्याच्या पट्टीत तळहाताएवढे चौकोन, आणि प्रत्येकात अख्खा प्रसंग. रामायणातले बरेच. मी जमिनीवर पालथी पडले, वयाला न शोभेलशी. एका चौकोनात वानरांची मारामारी, हातभर नाही, बोटभर वानर, आणि तरी पाठीचा कणा वाकलेला दिसतो. मी पट्टी लावली : एक माणूस माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. एका कोपऱ्यात चुन्याचा जुना थर, त्याखाली बहुतेक चेहरा असावा. खरवडून बघायचा मोह झाला. सरांनी नुसतं बघितलं, मी हात मागे घेतला.

चुन्यापेक्षा वाईट म्हणजे चुना काढायची पद्धत. दर बारा वर्षांनी कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची पुन्हा प्रतिष्ठा, करायचा, त्याआधी देऊळ ‘नवं’ करायचं. कितीतरी ठिकाणी त्या घाईत भिंतीवर यंत्राने वाळूचा मारा केला गेला. दगड नव्यासारखा लखलखीत होतो आणि हजार वर्षांची अक्षरं वाळूबरोबर खाली पडतात. त्यावर बंदी आली, पण जे गेलं ते गेलं. गावकऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. देव अंघोळ करून नव्या कपड्यात बसावा असं त्यांना वाटतं. आपण तरी आपल्या गावच्या हेमाडपंती देवळांना ऑइल पेंट फासून वेगळं काय केलंय?

दुपारी गुरुक्कलांच्या ओसरीवर कॉफी मिळाली. सर अशा भिंतींवर कोरलेल्या चोळकाळातल्या दिव्यांविषयी सांगत होते. अखंड नंदादीप लावायचा तर देवळाला शहाण्णव मेंढ्या द्यायच्या. धनगराने त्या सांभाळायच्या आणि रोज एक उळक्कु (तिथलं एक माप) तूप द्यायचं. लेखात त्या मेंढ्यांना म्हणतात ‘सावा मूवा पेराडु’, न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या मेंढ्या.

मी कपच खाली ठेवला. कारण ही तर मुदत ठेव! मेंढी मरेल, पण कळपाचा आकडा शहाण्णवच राहिला पाहिजे. मुद्दल कायम, व्याज तुपात. नाशिकच्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाने, उषवदाताने, हेच केलंय, तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली, दोन हजार महिना शेकडा एकाने, एक हजार महिना पाऊण टक्क्याने, आणि त्याला शब्द ‘अक्षयनीवी’. सरांना मी नाशिकचं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या वहीत काहीतरी घातलं.

परतताना पट्टीश्वरमजवळ वाकडी वाट करून पंचवनमादेवीचं देऊळ पाहिलं. चोळ राजा राजराजाची ही एक राणी. तिच्या सावत्र मुलाने, पहिल्या राजेंद्राने, अकराव्या शतकात तिच्या अस्थींवर हे बांधलं. अशा देवळाला ‘पळ्ळिप्पडै’ म्हणतात, आपण समाधीमंदिर म्हणू. लोकांच्या तोंडी ते रामनाथन कोविल. राणी विसरली गेली होती, ती भिंतीवरच्या लेखामुळे परत सापडली. उजेड गेला, डास आले. एकोणीस नोंदी झाल्या, तीन अर्धवट.

चौथा दिवस : श्रीपुरंदान

कोळ्ळिडम नदी ओलांडली की अरियलूर जिल्हा. सिमेंटच्या कारखान्यांचे ट्रक, चुनखडीची धूळ. आमच्या ड्रायव्हर अण्णांनी विचारलं, तिथे काय आहे? सर म्हणाले, काही नाही. जे होतं ते चोरीला गेलं.

श्रीपुरंदानच्या बृहदीश्वर देवळात चोळकाळातला ब्राँझचा नटराज होता. या शतकाच्या पहिल्या दशकात देवळातल्या मूर्ती चोरांनी नेल्या. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने कॅनबेरात पन्नास लाख डॉलरना तो विकत घेतला. विकणारा न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर. त्याने मूर्तीबरोबर कागदपत्रंही दिली : ही मूर्ती १९७०च्या सुमारालाच भारतात विकली गेली आहे. म्हणजे १९७२चा पुरावस्तू कायदा व्हायच्या आधी. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. मी असली कागदपत्रं आयुष्यभर पाहिली आहेत. खोट्या व्हाउचरवर कधीच खाडाखोड नसते.

तो कागद खोटा ठरवला एका फोटोने. पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट, १९५५ साली सुरू झालेली, तिचे लोक वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून देवळांतल्या मूर्तींचे कृष्णधवल फोटो काढत होते. लाखाच्या वर फोटो. त्यात १९९०च्या दशकात श्रीपुरंदानच्या देवळात काढलेला हाच नटराज. जी मूर्ती १९७०लाच विकली गेली, ती वीसेक वर्षांनी गावातल्या देवळात कशी? सप्टेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नटराज दिल्लीत परत दिला. कपूरला २०११ साली जर्मनीत पकडलं होतं, २०२२मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

तसला एक फोटो भाच्याने मला मोबाइलवर दाखवला होता, निघायच्या आधी पुण्यात. मी म्हटलं होतं, हा काय फोटो? समोरून सपाट, मागे नुसती भिंत, नटराजाचा नाचच मेलाय त्यात. आता त्या देवळाच्या दारात उभी राहून मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. कॅनबेराच्या कॅटलॉगात त्या मूर्तीचे फोटो कितीतरी देखणे असणार. पण त्यांतल्या एकाही फोटोने तिला घरची वाट दाखवली नसती.

देऊळ बंद होतं. आम्ही भोवती फिरलो, आकडे टाकले, फोटो काढले. शेळ्या घेऊन चाललेली एक पाट्टी, म्हणजे आजी, थांबली. सरांनी विचारलं, नटराज परत आला ना? तिने हाताने दक्षिणेकडे, नदीपलीकडे दाखवलं.

‘ऊरुक्कु वरलै.’ गावाला नाही आला.

या भागातल्या कित्येक लहान देवळांच्या ब्राँझमूर्ती अशाच सरकारच्या सुरक्षित भांडारात ठेवतात, कुलपात, रांगेने. उत्सवाला क्वचित बाहेर येतात. चोराच्या भीतीने देव लॉकरमध्ये. लॉकरच्या किल्ल्या मी वीस वर्षं सांभाळल्या. आत दागिने असतात तोवर घरातल्या बायका ते कसे होते तेही विसरतात, हे मला माहीत आहे. पाट्टीला मी विचारलं, तुम्ही पाहिलाय तो? तिने एक पाय उचलायचा आव आणला, शेळी ओरडली, ती हसत निघून गेली. याचा फोटो कोणीच काढला नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलंय, वेळ ११.२०.

पाचवा दिवस : तंजावर

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी मोठ्या देवळात गेलो. जगप्रसिद्ध, त्यामुळे आमच्या यादीत नव्हतंच. पण मराठी माणूस तंजावरला येऊन प्राकाराच्या नैऋत्य कोपऱ्यात गेला नाही असं होऊ नये. तिथे भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. मराठीत, देवनागरीत, भिंतच्या भिंत भरून. बाकीचे पर्यटक शिखराकडे कॅमेरे लावून उभे होते. इकडे कोणी नव्हतं.

चार दिवस मी भिंतींपुढे अडाण्यासारखी उभी होते. सरांनी बोट ठेवावं, ‘स्वस्ति श्री’ तेवढं मी ओळखावं, पुढचं सगळं त्यांच्यावर. आता ते माझ्या बाजूला उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधले. ‘वाचा मॅडम.’

मी वाचायला लागले. शब्द तोडलेले नाहीत, ओळ मध्येच संपते, वळणं दोनशे वर्षांपूर्वीची. अडखळत, मागे जात, बोट न लावता हवेतच अक्षर गिरवत. मी एक वाक्य सांगायचं, भाच्याने हिंदीत करायचं, सरांनी ते तमिळमध्ये मोठ्याने म्हणायचं, कारण एव्हाना देवळाचा पहारेकरीही येऊन उभा राहिला होता. ट्रायपॉड लावू देणार नाही हे आधीच सांगून झालं होतं त्याचं. रोज या भिंतीपाशी ड्यूटी करतो, पण यात काय लिहिलंय हे कधी कोणी सांगितलं नाही, म्हणाला. मग म्हणाला, पुढे?

पुढे एका ठिकाणी दगडाचा टवका उडालाय. दोन अक्षरं गेली आहेत. मागचापुढचा संदर्भ लावून मी एक शब्द सांगितला, सर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नाही.

भाच्याने पाटीवर आकडा घातला, पट्टी धरली. मी रजिस्टर उघडलं आणि ‘फुटलेलं काय’ या रकान्यात लिहिलं : दोन अक्षरे, बहुधा तीन.